गुंजुल थांबा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवलं असशील. मग चहा, मग पेपर, मग खिडकीतल्या कुंड्यांना पाणी, आणि शेवटी आमच्या भावजयीनं विचारलं असेल, की ताईंचं पत्र फोडायचंय की नुसतं बघत बसायचंय. तिला माझा आशीर्वाद सांग. फोनवर तू "हं" आणि "बघू" यापलीकडे जात नाहीस, म्हणून लिहायला घेतलं. शिवाय कामही कागदाचंच आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या जुन्या बस खात्यातली एक इंजिनिअर मुलगी घर शोधत आली. चुणचुणीत आहे. निवृत्त होऊन इतका काळ झाला तरी खात्याला आपली आठवण आहे म्हणून मी मनातल्या मनात फुलून गेले, तर तिनं पिशवीतून एक जुना मेमो काढून माझ्या पुढ्यात ठेवला. तोच, तुला दिलेला. "थांब्याच्या नावाच्या जागी निरर्थक शब्द तसाच राहू देणे हा गंभीर निष्काळजीपणा आहे." सही मोठ्या साहेबांची, पण वाक्य माझं. वाक्य अजूनही ठणठणीत आहे आणि तेच आता अंगाशी आलंय.

झालंय असं. खातं जुनी यंत्रणा मोडीत काढून नवी आणतंय. त्या निमित्तानं सगळ्या थांब्यांची नावं तपासताहेत. आपल्या गुंजुल थांब्यासमोर आता एक भलंमोठं दुकानसंकुल उभं राहिलंय, आणि त्याच्या मालकांना थांब्याला संकुलाचं नाव हवंय. त्यांचं म्हणणं, गुंजुल हे नावच नाही, ती संगणकातली चूक आहे. पुरावा म्हणून माझा मेमो जोडलाय. १२ मार्चला सुनावणी आहे. मुलीनं मला नियम समजावून सांगितला. चूक असेल तर ती दुरुस्त करायची. विचार करून दिलेलं नाव असेल, तर तिथल्या रहिवाशांच्या संमतीशिवाय त्याला हात लावायचा नाही. आणि तो शब्द ज्यानं टाकला तो माणूस हयात असेल, तर त्याचं म्हणणं मेमोच्या वरचं.

तो माणूस तू. आणि हयात आहेस, निदान फोनवरच्या "हं" वरून तसं वाटतं.

तर दोन ओळी लिहून, सही करून पाठव, की नाव मी विचारपूर्वक ठेवलं होतं. हे खोटं आहे हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण कुणाचं काही वाकडं होणार नाही. नोकरी तू कधीच सोडलीस, तुला आता कोण काय करणार? बाबांचा शब्द आहे रे तो. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान रस्ता रुंद करताना गेलं, पाटी गेली, ती सगळी ओळच्या ओळ गेली. या शहरात त्यांचं म्हणून तेवढंच उरलंय, तेही चुकून. ते पुसलं गेलं तर मला फार वाईट वाटेल. एवढं स्पष्ट लिहिते, म्हणजे पुन्हा तू म्हणायला नको की ताई आडून बोलते.

वाट बघते.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. टपालाला दोष देऊन मी स्वतःची समजूत घातली आहे.

ती मुलगी परत आली होती. तिनं विचारलं, "पण मॅडम, गुंजुल म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काहीतरी असेलच ना. मग मी तिला बसवलं आणि आपली संगणकाची खोली उभी केली तिच्यापुढे. चपला बाहेर काढून आत जायचं, बाहेर लोक घामानं निथळत असताना आपण स्वेटर घालून बसायचं, छापणीयंत्राचा खडखडाट सुरू झाला की सगळ्यांनी एकमेकांशी ओरडून बोलायचं आणि ते मध्येच थांबलं की कुणाचं तरी घरचं भांडण सगळ्या खोलीला ऐकू जायचं.

तिला सगळ्यात गंमत वाटली ती आपल्या शब्दांची. प्रोग्रॅम लिहिताना एखाद्या गोष्टीचं खरं नाव ठरलेलं नसलं की तिथं तात्पुरतं काहीतरी लिहावं लागतं. पुस्तकांत असायचं फू आणि बार. जगभरचे लोक तेच लिहितात, पण आपल्या खोलीत ते कुणाच्याच बोटांना वळलं नाही. प्रत्येकाचं आपापलं. ज्याला सगळे चष्मा म्हणायचे तो आपला "अमका", "तमका" आणि "ढमका" लिहायचा, घरी माणसांनाही तो तसंच म्हणत असावा. भाजीवाल्या बाईंना ते टोपणनाव पडलं ते त्यांच्या भेंडी, दोडका, पडवळमुळं. मोठे साहेब "क एक", "क दोन" लिहायचे आणि तसेच जगायचे. कागदावर नाव नसलं तरी हा प्रोग्रॅम कुणाचा, हे पहिल्या पानावर कळायचं. एकदा दोडक्याचा हिशेब चुकून शून्यानं भागला गेला आणि सगळी यंत्रणा बंद पडली, तेव्हा साहेब बाईंना म्हणाले होते, "उद्यापासून पालेभाज्या वापरा." तू हसता हसता खुर्चीवरून पडला होतास.

आणि आपली दोघांची तीन. गुंजुल, टिपरंग, ढिमटू. मुलीला वाटलं आपण ती खोलीतच रचली. मी तिला बाबांच्या कामाची पद्धत सांगितली. घड्याळ उघडलं की मऊ फडक्यावर सुटे भाग काढल्या क्रमानं ओळीत मांडायचे. एखादं चाक मोडकं निघालं आणि नवं मिळायला वेळ असला, की त्या जागी शर्टाचं बटण ठेवायचे, ओळ तुटू नये म्हणून. ते पहिलं बटण म्हणजे गुंजुल. आणखी एक भाग गेलेला असला तर टिपरंग. तिसरा ढिमटू. आणि ढिमटूच्या पुढं जायची वेळ आली तर घड्याळ गुंडाळून गिऱ्हाइकाला परत, "हे आता भिंतीला शोभेसाठी लावा" म्हणून. तू नोकरीला लागलास तेव्हा तुला मी हेच शिकवलं होतं, प्रोग्रॅममध्ये ढिमटूच्या पुढं जावं लागलं तर समजायचं की आपल्यालाच काही समजलेलं नाही. खोलीतल्या सगळ्यांना पटलं होतं ते. चष्मा तर दुसऱ्याचं काम बिघडलं की डोकं हलवून म्हणायचा, "ढिमटू झालंय."

लहानपणी तू बाबांना विचारलं होतंस, हे शब्द आले कुठून? ते म्हणाले, "रिकाम्या जागेलासुद्धा हाक मारायला काहीतरी हवं ना." मग डोळ्याला भिंग लावून परत खाली वाकले. मला तेव्हा ते उत्तर म्हणजे टोलवाटोलवी वाटली होती. आज मुलीला मीही तेच उत्तर दिलं.

आता दोन ओळी लिही. इतकं तरी कर.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "खोटं लिहून घ्यायला माझ्याकडे येऊ नकोस. बाकी ठीक." पत्राला कार्ड, आणि कार्डावरही एवढी मोकळी जागा. भावजयीनं खाली तिच्या अक्षरात "तब्येतीची काळजी घ्या" लिहिलंय, तेवढ्यानं मी जेवले.

मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. मोठा हरिश्चंद्र लागून गेलास का रे? अख्खा महिनाभर बाबांच्या औषधाची वेळ चुकवून "दिलं दिलं" म्हणणारा तूच ना. एक चूक झाली. झाली तर झाली. मी ती कधी तुझ्या डोक्यावर थापली नाही.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. नव्या रुंद रस्त्यावरच्या थांब्यांची यादी खालून आली ती नुसत्या आकड्यांची. नावं मागाहून येणार होती, आणि यंत्राला तर नावाशिवाय एक ओळ चालायची नाही. तू तीन थांब्यांना तात्पुरती आपली तीन नावं दिलीस. दोन थांब्यांची खरी नावं आली, तू घातलीस. तिसऱ्याचं आलंच नाही, आणि काम पुढं पाठवण्याआधी आपण जो झाडू मारायचो, सगळी तात्पुरती नावं शोधून काढायचो, तो त्या वेळी तुझ्याकडून राहिला. मी सुट्टीवर होते. परत येईपर्यंत तिकिटं छापून गठ्ठे डेपोत गेलेले, रंगाऱ्यानं पाटीवर ठसठशीत अक्षरांत "गुंजुल" काढलेलं. साहेबांनी तुला बोलावलं तेव्हा तू म्हणालास, "चूक झाली, राहून गेलं." बस्स. इतक्या पटकन कबूल केलंस की साहेबांना ओरडायलाही जागा उरली नाही. गठ्ठे परत मागवण्यापेक्षा नाव चालू देणं स्वस्त होतं, म्हणून त्यांनी ते चालू दिलं आणि मला मेमो लिहायला सांगितला.

नंतर कँटीनमध्ये तुला गुंजुलराव म्हणायला लागले, हे मला माहीत आहे. मीही हसले त्यात. घरात हसले, पाहुण्यांत हसले. तुझ्या भाचीच्या लग्नात जेवताना मी तो किस्सा व्याह्यांना सांगितला आणि तू ताटावरून उठून गेलास. त्यानंतर आपलं हे असं चालू आहे. मी तुझ्या भावोजींना सारखी विचारते, की एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं त्यात? ते म्हणतात, त्यालाच विचार. मी विचारत नाही, कारण तू "बघू" म्हणशील.

एक मात्र भाचीनं लक्षात आणून दिलं. तू आमच्याकडे आलास आणि त्या बाजूला काही काम निघालं, की रिक्षावाल्याला सांगायचास, पेट्रोलपंपाच्या अलीकडचा चौक. कधी गुंजुल म्हणाला नाहीस. सगळं शहर म्हणतं, तू नाही.

बरं. खोटं नको लिहूस. पण मग खरं तरी लिही.

ताई


१ मार्च

धाकट्या,

आज बसले आहे पण कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून आधी गंमत सांगते.

रहिवाशांची बैठक होती, गुंजुल थांब्यावरच. मुलगी म्हणाली, मॅडम, चला, तुम्हाला कळेल लोकांना किती पडलंय. गेले. तिथं जमलेली माणसं बघून मला आधी दडपणच आलं. "गुंजुल हेअर कटिंग" चा मालक आघाडीला. त्याच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हा थांब्यावरून नाव घेतलं, आता त्याच्या डोक्यावरचे केस गेले पण पाटी तीच. पलीकडे गुंजुल बालवाडी. एका बाईंच्या पत्रांवर, बँकेच्या कागदांवर पत्ता म्हणून तेच. त्या मला सांगत होत्या, "अहो, माझा जन्म गुंजुलचा. आता तुमचा जन्म एका दुकानातला आहे असं सांगितलं तर चालेल का?"

अर्थ काय, यावर मात्र तिथंच जुंपली. निवृत्त मास्तर आहेत एक, ताठ कण्याचे. ते ठामपणे म्हणाले, गुंजुल हा पक्षी आहे, आता दिसत नाही, पण आमच्या वाडवडिलांनी पाहिलेला. केशकर्तनवाला म्हणाला, छे, इथं मधमाश्यांचं मोठं पोळं होतं, त्यांच्या गुंजण्यावरून. कुणी म्हणालं, जुन्या विहिरीचं नाव. मी ओठ दाबून बसले. माझ्याकडे बघून मास्तर म्हणाले, "बाई, तुम्हाला पटत नाही वाटतं?" मी म्हटलं, मी पक्ष्यांतली नाही.

आता खरं सांगते. मी त्या थांब्यावर आयुष्यात कधी उतरले नव्हते. दुकान पडलं त्यानंतर त्या बाजूला जायचं मनच झालं नाही, आणि आमचं घर दुसऱ्या टोकाला, कारण पडलं नाही. बसच्या खिडकीतून दिसायचं ते सगळं नवंच, माझा ठाम समज होता की आपलं दुकान पुढे पंपाच्या जागी होतं. बैठक संपल्यावर पाय दुखायला लागले म्हणून थांब्याच्या बाकावर टेकले. पाठीमागे जुन्या भिंतीचा थोडा भाग आहे, आणि तिच्या पायथ्याशी एक दगडी पायरी, पदपथात अर्धी बुजलेली. पायरीच्या कडेला एक खोलगट घासलेली रेघ आहे. बोटाच्या रुंदीची.

बाबा तिथं चिमट्याला धार लावायचे. आई ओरडायची की पायरीचा सत्यानाश करताय. त्या रेघेत आपण दोघं पाणी ओतून कागदाची होडी अडकवायचो.

मी बोट घालून पाहिलं. तीच आहे. गुंजुल थांबा आपल्या दुकानाच्या दारात आहे, धाकट्या.

म्हणजे बाबा शेवटची वर्षं रोज सकाळी बसनं जाऊन त्या बाकावर बसायचे, ते इतर म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला नव्हे. मी त्यांना डबा द्यायचे आणि सांगायचे, लवकर या. कधी बरोबर गेले नाही.

यादीत नुसते आकडे होते. खोलीतल्या कुणालाही माहीत नव्हतं, कुठला आकडा कुठं येतो. मग हे असं कसं जुळलं? मी घरी येईपर्यंत याचाच विचार करत होते. योगायोग म्हणावा तर मी इतकी वर्षं संगणकावर काम केलंय, माझा इतक्या सोयीच्या योगायोगावर विश्वास नाही.

तुला माहीत होतं का?

एवढंच विचारते. दोन ओळी नकोत, एक शब्द पुरे.

ताई


८ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. पत्र, कार्ड नव्हे. भावोजींनी दारातूनच ओरडून सांगितलं, जाडजूड आहे, म्हणून मी हात पुसायच्या आत फोडलं. तीन वेळा वाचलं, चौथ्यांदा त्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच त्यांच्या हातात दिलं.

म्हणजे यादी हातात पडल्यावर सुट्टीच्या दिवशी तू तो सगळा रस्ता पायी चाललास. थांब्याचे खांब नुसते पुरले होते, त्यांच्यावर आकडे रंगवलेले होते. आपल्या पायरीसमोर जो आकडा दिसला तो लक्षात ठेवलास. त्याच थांब्याचं नाव यायचं राहिलं होतं, कारण आजूबाजूची वस्तीच पाडलेली, नाव घ्यायचं कशावरून? आणि तू झाडू मारलास. व्यवस्थित मारलास, सगळी कामं तपासलीस, सगळी तात्पुरती नावं काढलीस, आणि ते एक पाहून पुढं गेलास.

तुझं वाक्य मी इथं परत लिहिते, कारण ते माझ्या हातानं लिहावंसं वाटतंय. "मुद्दाम ठेवलं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाटी पुसली असती आणि मला खोडसाळ म्हटलं असतं. चूक म्हटलं म्हणून कुणी तसदी घेतली नाही. चुकीला इथं कुणी हात लावत नाही, ताई, हे मी तुझ्याच खोलीत शिकलो."

खरं आहे. अगदी खरं आहे.

आणि बाबांना ते पहिल्याच तिकिटावर कळलं होतं. त्यांनी तुला फक्त विचारलं, "विचारतील तेव्हा काय सांगशील?" तू म्हणालास, "चूक झाली म्हणेन." आणि त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग ती नीट निभाव."

तू निभावलीस. गुंजुलराव ऐकून घेतलंस, मेमो घेतलास, माझ्या तोंडून माझ्या व्याह्यांपुढे ऐकून घेतलंस. मला वाटायचं तुला चुकीची लाज वाटते. तुला कसली रे लाज, ज्या एका कामाचा तुला अभिमान होता त्यावर मी घरभर हसत होते. आणि वर पत्रात लिहिलं, विचारपूर्वक ठेवलं असं खोटं लिही म्हणून. तुझं कार्ड आता मला समजलं. मी तुझ्या जागी असते तर कार्डही पाठवलं नसतं.

पण मला रागही आलाय, आणि तोही ऐकून घे. तुम्ही दोघांनी मला बाहेर ठेवलंत. तू लिहितोस, ताईला सांगितलं असतं तर तिला साहेबांना सांगावं तरी लागलं असतं नाहीतर लपवावं तरी, आणि दोन्हीत तिची नोकरी. मान्य. पण बाबा माझ्याच घरात राहत होते. माझ्याच हातचा डबा घेऊन रोज तिथं जायचे. एकदा म्हणाले असते, चल माझ्याबरोबर, तर मी काय साहेबांना फोन करायला गेले असते? उलट पायरी पाहिली असती, त्यांच्याशेजारी बसले असते. इतकी वर्षं तुमच्या दोघांची एक जागा होती आणि मी तिच्यावरून बसनं जात होते. मी काल स्वयंपाकघरात बसून चांगली रडले. भावोजींनी भाजी फोडणीला टाकली, आणि ती करपली, तरी मी तीच पोळीशी खाल्ली.

सहीचा कागद मिळाला. बारा तारखेला मी स्वतः घेऊन जाते.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

काल काय झालं ते नीट क्रमानं सांगते.

सुनावणीची खोली म्हणजे आपलीच जुनी संगणकाची खोली निघाली. आता तिथं लांब टेबल आणि खुर्च्या आहेत. पण जमिनीवर छापणीयंत्राच्या पायांचे चार डाग तसेच आहेत. मी बरोबर तिथं जाऊन बसले, मुलीला वाटलं मला पंखा हवाय.

संकुलाकडून एक वकील होते. त्यांनी मेमो वाचला. वाचतात चांगलं. "गंभीर निष्काळजीपणा" म्हणताना असा काही आवाज लावला की क्षणभर मलाच तुझा राग आला. मग म्हणाले, हा शब्द कोणत्याही कोशात नाही, याला अर्थ नाही, निरर्थक शब्दाला कुणी नाव म्हणत नाही. मास्तर तडक उठले आणि पक्ष्याबद्दल बोलायला लागले. अधिकारीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, पक्ष्याचं चित्र आहे का? मास्तर म्हणाले, शोधतोय.

मग मी उठले. तुझा कागद दिला. अधिकारीबाईंनी तो मोठ्यानं वाचला. "मी तो शब्द पाहिला होता आणि ठेवला. विसरलो नव्हतो. त्या जागी माझ्या वडिलांचं दुकान होतं आणि शब्द त्यांचा होता." एवढंच लिहिलंस, बरं केलंस. वकिलांनी विचारलं, मग तेव्हा हे सांगितलं का नाही? मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही आज इथं नसता, नाव तेव्हाच पुसलं गेलं असतं. मेमो कुणी लिहिला, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. वाक्य माझं आहे आणि चुकीचं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या वाक्याला चुकीचं म्हटलं, भावोजींना खरं वाटत नाहीये.

अधिकारीबाईंनी विचारलं, "पण शब्दाचा अर्थ काय?"

मी पर्समधून बाबांच्या डबीतलं बटण काढून टेबलावर ठेवलं. पांढरं, चार भोकांचं, कडेला थोडं उडालेलं. सांगितलं, एखादा भाग निघून गेला आणि नवा यायचा असला, की ओळ तुटू नये म्हणून माझे वडील हे त्या जागी ठेवायचे. याला ते गुंजुल म्हणायचे. ती सगळी वस्ती गेली होती आणि नवी यायची होती. माझ्या भावानं तिथं हे ठेवलं.

वकील म्हणाले, मग आता तर वस्ती आली, संकुल आलं, आता बटण काढायला हरकत नाही. मी बटणावर हात ठेवला. तेव्हा मागून केशकर्तनवाला म्हणाला, "साहेब, वस्ती आली ती गुंजुलमध्ये आली." तो बसलासुद्धा. पुढे कुणाला फारसं बोलावं लागलं नाही.

नाव राहिलं. थांब्याच्या छपरावर संकुलाची जाहिरात येईल, पण पाटी तीच. नव्या यंत्रणेत त्या मुलीनं माझ्यासमोर नोंद केली. आधार या रकान्यात काय लिहू विचारलं तिनं, आणि मग स्वतःच लिहिलं, "कर्मचाऱ्यानं दिलेलं नाव." मेमोवरही तिनं रद्द असा शेरा मारून घेतलाय, मी मागितला नव्हता. मास्तर बाहेर भेटले. थोडे रुसले होते. मग बटण हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाले, "पक्षीच बरा होता, पण हेही वाईट नाही."

परतताना मी गुंजुलला उतरले. बाकावर बसले, बाबा याच टोकाला बसत असतील असं समजून, कारण तिथून पायरी दिसते. तुझी खूप आठवण आली. नुसती तुझी नाही, आपल्या सगळ्यांचीच, त्या थंड खोलीची, खुर्चीवरून पडून हसणाऱ्या तुझ्या त्या पंचविशीतल्या चेहऱ्याची. तो चेहरा मी लग्नाच्या पंगतीत घालवला, मला तो परत हवाय. आता म्हातारा असला तरी चालेल.

तर ये. तिकीट काढ, भावजयीलाही आण. तिला मुख्य बसस्थानकावरून सामानासकट रिक्षानं थेट घरी पाठव, भावोजी फोडणीचा सराव करताहेत. तू मात्र तिथून आपल्या शहरबसनं ये. मी थांब्यावर असेन, बाकाच्या ह्या टोकाला, दुसरं टोक तुझं.

फक्त एक कर. कंडक्टर विचारेल, कुठं? पंप म्हणू नकोस, चौक म्हणू नकोस, खिडकीतून बोट दाखवू नकोस. "एक गुंजुल" म्हण, जरा मोठ्यानं. घाबरू नकोस, बसमधलं कुणीही हसणार नाही. तो तुझ्याकडे वर पाहणारसुद्धा नाही, नुसतं तिकीट फाडून हातात देईल.

ताई